फ्लॅट-टॉप नेहमीसाठी नको
यंत्राच्या कंपनाचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती कंपन) काढण्याआधी नोंदीला विंडो, म्हणजे तिच्या भागांना कमी-जास्त वजन देणारा वक्र, लावतात. फ्लॅट-टॉप विंडो अ‍ॅम्प्लिट्यूड (शिखराची उंची) अचूक देते म्हणून तीच कायम ठेवावी, हे पटत नाही. अचूकता खरी आहे: शिखर स्पेक्ट्रमच्या दोन रेषांच्या (ज्या ठरावीक वारंवारतांवर तो काढला जातो त्यांच्या) बरोबर मधे पडलं तर आयताकृती विंडो (सगळ्या नोंदीला सारखंच वजन) ३६ टक्क्यांपर्यंत कमी दाखवते, हॅनिंग १५ टक्के, फ्लॅट-टॉप जवळपास शून्य. पण किंमत शिखराच्या रुंदीत मोजावी लागते.

२९७० आरपीएमची दोन-पोल मोटर घ्या, पुरवठा ५० हर्ट्झ. फिरण्याच्या दुपटीचं शिखर ९९ हर्ट्झवर, विद्युत दोषाचं, म्हणजे पुरवठ्याच्या दुपटीचं, १०० वर. ४ सेकंदांच्या नोंदीत रेषा ०.२५ हर्ट्झवर, म्हणजे अंतर चारच रेषांचं. हॅनिंगमध्ये दोन्ही सुटी दिसतात. फ्लॅट-टॉपचा मुख्य लोब (एका शिखराचा पसारा) सुमारे दहा रेषांचा, त्यात ती मिसळतात आणि निदानच चुकतं. म्हणून रोजच्या मोजणीला हॅनिंग, कॅलिब्रेशनला फ्लॅट-टॉप.

हातोडीच्या चाचणीत (ठोका देऊन यंत्राचं कंपन मोजताना) हॅनिंग अजिबात नको. ती सुरुवातीला शून्य असते, ठोकाच पुसला जातो. तिथे आयताकृती, आणि कंपन नोंदीच्या आत विरत नसेल तर एक्स्पोनेन्शियल (शेवटाकडे उतरत जाणारी). तिने वाढवलेलं डॅम्पिंग (कंपन किती लवकर विरतं त्याचं माप) नंतर वजा करा.

आणखी एक, हे फार वेळा राहून जातं: हॅनिंगच्या अ‍ॅम्प्लिट्यूड-दुरुस्त (शिखराची उंची बरोबर यावी म्हणून वाढवलेल्या) रेषांवरून एकूण आरएमएस (कंपनाची प्रभावी पातळी) काढताना वर्गांच्या बेरजेला १.५ ने भागा, नाहीतर आकडा २२ टक्के जास्त येतो.