विजेवर चालणारी वाहने हवामान बदल रोखण्यास खरोखर हातभार लावतात का?

मृण्मयी (चर्चाप्रस्ताव)

ऊर्जेच्या वापरातून जगभरात जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला पाचव्या हिश्श्याहून अधिक वाहतुकीतून येतो आणि त्यातही सुमारे तीन चतुर्थांश वाटा रस्त्यावरील वाहनांचा असतो. वीजनिर्मितीत कोळशाला पवन आणि सौरऊर्जेचा पर्याय उभा राहिला, रस्त्यावर मात्र शंभराहून अधिक वर्षे खनिज तेलाला दखल घेण्याजोगा पर्यायच नव्हता. तो आता मिळाला आहे. २०२४ मध्ये जगात प्लग-इन हायब्रिड (बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या गाड्या) धरून १ कोटी ७० लाखांहून अधिक विजेच्या कार विकल्या गेल्या, म्हणजे नव्या पाच कारमागे किमान एक.

या वाहनांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा कार्यक्षमतेचा आहे आणि चर्चेत नेमका तोच मागे पडतो, असे मला वाटते. वाहतूक कोंडीतून बाहेर पडलेल्या पेट्रोल गाडीच्या बॉनेटवर हात धरून पाहावा. जी धग जाणवते ती आपण पैसे मोजून टाकीत भरलेल्या इंधनाचीच असते. पेट्रोलमधील ऊर्जेपैकी जेमतेम २० ते ३० टक्के चाकांपर्यंत पोहोचते, उरलेली बहुतेक उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या गाडीत बॅटरीतील ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ऊर्जा चाकांना मिळते. गाडी सिग्नलला उभी असताना मोटार वीज खात नाही, आणि वेग कमी करताना तीच मोटार जनित्राचे काम करून काही वीज बॅटरीत परत भरते. तेवढेच अंतर कापायला मुळात कमी ऊर्जा लागत असेल, तर ती ऊर्जा स्वच्छ करणेही सोपे जाते.

कृष्णमेघ

मृण्मयी, बॅटरीपासून चाकापर्यंतचा हिशेब आपण मांडलात. बॅटरीच्या अलीकडचा मात्र सोडून दिलात. मध्यम आकाराची पेट्रोल कार १०० किलोमीटरला ७ लिटर पेट्रोल पिते असे धरू. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे १६ किलो झाले. तेल उपसणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे यांचे उत्सर्जन त्यात मिळवले तर आकडा २० किलोच्या घरात जातो. आता विजेची गाडी घेऊ. चार्जिंगमधील गळती धरून तिला तेवढ्याच अंतरासाठी १८ युनिट वीज लागली आणि ती सगळी कोळशावर तयार झालेली असेल, तर युनिटमागे सुमारे एक किलो या दराने १८ किलो उत्सर्जन होते. धूर रस्त्यावर दिसत नाही, तो औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो, इतकाच काय तो फरक.

शिवाय बॅटरी आकाशातून पडत नाही. ६० युनिट क्षमतेची बॅटरी तयार करताना अंदाजे ४ ते ६ टन कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. कोळशावरच्या विजेने १०० किलोमीटरमागे एक-दोन किलोच वाचत असतील, तर हे कर्ज गाडीच्या आयुष्यात फिटणार नाही. जिथे वीज जवळपास पूर्णपणे कोळशावर आहे, तिथे आधी वीज सुधारावी आणि मग गाड्यांकडे वळावे.

मृण्मयी

आपले गणित मान्य आहे. त्यातून आपण काढलेला क्रम मान्य नाही. केवळ कोळशाची वीज ही टोकाची स्थिती झाली. २०२४ मध्ये जगातील ४० टक्क्यांहून अधिक वीज जल, अणु, पवन, सौर अशा अल्प-कर्ब (फार कमी कार्बन सोडणाऱ्या) स्रोतांतून आली. जागतिक सरासरी युनिटमागे अर्ध्या किलोच्या आत आहे, त्यामुळे आपलीच गाडी सरासरी विजेवर चालवली तर १८ ऐवजी साधारण ८ ते ९ किलो उत्सर्जन होते आणि बॅटरीचे ते पाच-सहा टन पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास भरून निघतात. गाडी त्याच्या तिप्पट-चौपट अंतर सहज धावते.

दुसरे असे की पेट्रोलची गाडी विकत घेतली त्या दिवशी जितकी स्वच्छ असते, त्याहून पुढे कधीच स्वच्छ होत नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे ४० टक्के वीज कोळशावर तयार होत होती आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथले शेवटचे कोळसा वीज केंद्र बंद झाले. म्हणजे २०१२ मध्ये तिथे घेतलेल्या विजेच्या गाडीचे उत्सर्जन, तिच्यात एकही सुटा भाग न बदलता, पुढच्या वर्षांत बरेच उतरले. वीज पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर तोवर विकली गेलेली प्रत्येक इंजिनाची गाडी पुढची पंधरा-वीस वर्षे तेल जाळत राहील.

शर्वाणी

उत्सर्जनाच्या या हिशेबात खाणीत राबणारी माणसे कुठेच दिसत नाहीत, म्हणून लिहीत आहे. अनेक बॅटरींत लागणारे कोबाल्ट जगात सुमारे ७० टक्के काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि तिथल्या हातखाणींमध्ये (हाताने खोदल्या जाणाऱ्या लहान खाणींमध्ये) लहान मुले काम करतात, हे वारंवार नोंदले गेले आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात बॅटरीतल्या लिथियमसाठी खारे पाणी उपसून उन्हात आटवले जाते आणि तिथल्या रहिवाशांना आपल्या पाण्याची चिंता आहे. एका संकटावरचा उपाय दुसऱ्यांच्या अंगणात नवे संकट उभे करत असेल, तर त्याला स्वच्छ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

धातुवेध

शर्वाणी, आपला आक्षेप रास्त आहे आणि खाणींवर कडक देखरेख हवीच. फक्त दोन गोष्टी जोडतो. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्टही नसते आणि निकेलही नसते, आणि आता विजेच्या वाहनांत बसणाऱ्या एकूण बॅटरी-क्षमतेत जवळपास निम्मा वाटा याच प्रकाराचा आहे. बॅटरीतील धातू वापराने संपत नाहीत, ते पुन्हा काढता येतात. तेल मात्र एकदाच जळते आणि पुढच्या टाकीसाठी नव्याने उपसावे लागते.

बसथांबा

येथे सगळेजण कारबद्दलच बोलत आहेत, याचेच मला वाईट वाटते. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दहा नव्या कारपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या. करसवलती वर्षानुवर्षे देऊनही त्या वर्षअखेरीस रस्त्यावरील एकूण कारमध्ये त्यांचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या थोडाच वर होता, कारण जुनी गाडी रस्त्यावरून हटायला वेळ लागतो. उलट चीनमधील शेनझेन शहराने २०१७ च्या अखेरीपर्यंत आपल्या सोळा हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. खासगी कार दिवसाचा बहुतेक वेळ उभी असते, तर बस पहाटेपासून रात्रीपर्यंत धावते, त्यामुळे तीच बॅटरी बसमध्ये कितीतरी अधिक तेल वाचवते. सार्वजनिक पैसा द्यायचा असेल तर तो आधी बस, मालवाहू टेम्पो, रिक्षा आणि दुचाकींना द्यावा. अडीच टनांची विजेची एसयूव्ही घेणाऱ्याला अनुदान देण्यास माझा स्पष्ट विरोध आहे.

मृण्मयी

बस आणि दुचाकींच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. कारचे अनुदान पूर्ण बंद करण्याऐवजी ते वजनाला आणि किमतीला बांधावे, असे मला वाटते, कारण जिथे बस पोहोचत नाही तिथली माणसे कार घेणारच आणि त्यांनी इंजिनाची गाडी घ्यावी हे आपल्यालाही नको असेल.

कृष्णमेघ

ब्रिटनच्या उदाहरणाने माझा एक आक्षेप बराच सैल झाला, पण मूळ शंका उरतेच. संध्याकाळी सात वाजता माणसे घरी परततात, गाड्या चार्जिंगला लागतात, आणि नेमका तेव्हा सूर्य मावळलेला असतो. त्या वेळी वाढलेली मागणी अनेक ठिकाणी कोळसा किंवा वायूच्या संचांवरच भागवली जाते, मग वर्षाची सरासरी कितीही देखणी असो. म्हणून चार्जिंगच्या जागा घराइतक्याच कार्यालयांच्या आणि कारखान्यांच्या आवारात उभाराव्यात, आणि दुपारच्या विजेचा दर संध्याकाळपेक्षा ठळकपणे कमी ठेवावा. तेवढे झाले, तर माझ्या गणितातला १८ चा आकडा मी स्वतः खोडेन.