कंपनीच्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह, एचआर म्हणतं निगेटिव्ह रिपोर्ट आणा

सातपूरकर:
धाकट्या भावाची चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर म्हणून निवड झाली आहे. ऑफर लेटर मिळालंय, पण जॉइनिंगच्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचं प्रथिन; रक्तात सापडलं तर त्या संसर्गाची खूण) पॉझिटिव्ह आलं. एचआर म्हणतं, निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मग जॉइन करा. त्याला त्रास काहीच नाही, एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी) २८, म्हणजे नॉर्मल आहे. कुठला कागद द्यावा? कायद्याने काही बोलता येतं का? इथे नाहीच जमलं तर कतारला जातो म्हणतोय.

लिव्हर_ओपीडी:
निगेटिव्ह रिपोर्ट मागणंच चूक आहे. संसर्ग जुना असेल तर एचबीएसएजी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं. टेनोफोव्हिर या विषाणूविरोधी औषधाने रक्तातला विषाणू दबतो, पण एचबीएसएजी क्वचितच जातं. त्यामुळे या लॅबमधून त्या लॅबमध्ये फिरण्यात पैसे घालवू नका, आणि चाचणीला स्वतःऐवजी दुसऱ्याचं रक्त देण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका.

एक गोष्ट मात्र आधी विचारा: मेडिकलच्या दोन-तीन आठवडे आधी हिपॅटायटिस बीची लस घेतली होती का? लसीतही तेच प्रथिन असतं, त्यामुळे डोसनंतर साधारण १८ दिवसांपर्यंत चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तसं असेल तर महिन्याने पुन्हा तपासा.

नाहीतर पोटविकारतज्ज्ञाकडे जाऊन या तपासण्या करा: अँटी-एचबीसी आयजीएम (संसर्ग ताजा आहे का, हे कळतं), एचबीईएजी (विषाणू किती जोमाने वाढतोय, याची खूण), एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पूर्ण एलएफटी (यकृताच्या रक्ततपासण्या), पोटाची सोनोग्राफी. सहा महिन्यांनीही एचबीएसएजी पॉझिटिव्हच असेल तर तो दीर्घकालीन संसर्ग. औषध लागेलच असं नाही, पण एसजीपीटी एकदा नॉर्मल आली म्हणून तपासणी सोडू नका. ती वरखाली होते. औषध सुरू झालं तर मनाने बंद करायचं नाही, विषाणू उसळून यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (२०१८ पासून) तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. दारू बंद. कावीळ उतरवणारी झाडपाल्याची औषधंही बंद, त्यातल्या काहींनी यकृतालाच इजा होते.

कामगार_कायदा:
एचआरला हवा तो कागद म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. तज्ज्ञाकडून लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबरसह एवढंच लिहून घ्या: "सीएनसी ऑपरेटर या कामासाठी वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त. कामाच्या ठिकाणच्या नेहमीच्या वावरातून सहकाऱ्यांना संसर्गाचा धोका नाही." कामाचं नाव हवंच, नुसतं "फिट" लिहिलेलं परत येतं. मग एचआरला ईमेल करा, कंपनीच्या डॉक्टरांना सीसी करा आणि नकार असेल तर कारणासह लेखी मागा. फोनवर बोलणी नकोत. बऱ्याचदा एचआरच्या डोक्यात पाण्या-अन्नातून पसरणारी ए किंवा ई कावीळ असते. एएफआयएच (कामगार-आरोग्याचा कोर्स) झालेल्या कंपनी-डॉक्टरला फरक ठाऊक असतो, गाडी तिथूनच पुढे सरकते.

कायद्याचं खरं सांगायचं तर खासगी नोकरीत हात तोकडे आहेत. भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा एचआयव्हीपुरता आहे, हिपॅटायटिस बीला लागू नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती भरून निघायलाच हवी. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातली नोकरी असती तर घटनेच्या कलम १४ आणि १६ वर (समानता आणि सरकारी नोकरीत समान संधी) उच्च न्यायालयात रिट याचिका करता आली असती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एचआयव्हीच्या प्रकरणात म्हटलं होतं की माणूस काम करू शकत असेल आणि इतरांना लक्षणीय धोका नसेल, तर केवळ संसर्ग आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही. निकाल सार्वजनिक कंपनीविरुद्ध होता, पण ईमेलमध्ये त्याचा उल्लेख जरूर करा.

दोहा_रत्नागिरी:
कतारचा बेत आधीच थांबवा. आखाती देशांच्या वफीद (पूर्वीचं गामका) मेडिकलमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं की "अनफिट". तिथे रक्तात विषाणू किती (डीएनए), हे बघत नाहीत. औषधाने विषाणू शून्यावर आला तरी उपयोग नाही. "मेडिकल मॅनेज करतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका.

सातपूरकर:
खूप आभार. मशीनवर बर (कापलेल्या धातूची धारदार कड) लागून बोटं कापतात, तेव्हा काय करायचं? आणि घरात?

लिव्हर_ओपीडी:
जखम स्वतः धुऊन वॉटरप्रूफ पट्टी लावायची, वर ग्लोव्ह. रक्त सांडलं तर आधी कापडाने टिपा, मग घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, ४-५ टक्के) एक भाग आणि पाणी नऊ भाग असं ताजं मिश्रण ओतून १० मिनिटं ठेवा. नुसतं पुसून भागत नाही; सुकलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवस तग धरतो. लोखंडी भाग नंतर पाण्याने पुसून कोरडा करा, ब्लीचने गंज चढतो.

कँटीनमधलं ताट-पेला, संडास, हस्तांदोलन यांतून काही होत नाही. वेगळी भांडी ठेवू नका. रेझर, ब्रश, नेलकटर मात्र ज्याचं त्याचं. बायको आणि घरच्यांची एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं), अँटी-एचबीसी (संसर्ग कधी झाला होता का) तपासा. तिन्ही निगेटिव्ह असतील त्यांना ०, १ आणि ६ महिन्यांनी लस. बायकोची टायटर (अँटी-एचबीएसची पातळी) शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी बघा, १० किंवा जास्त हवी, तोवर कंडोम.