बटाट्याच्या पानांवर तपकिरी ठिपके, सगळी झाडं उपटू का? (जुळे सोलापूर)

परसबाग_जुळे_सोलापूर:
घरामागच्या काळ्या मातीत दिवाळीनंतर बटाटा लावलाय. झाडं छान गुडघ्याएवढी झाली होती. आता संक्रांत तोंडावर आली आणि खालची पानं पिवळी पडून त्यांवर तपकिरी ठिपके आलेत. आठवडाभरात मधल्या पानांपर्यंत पोचले. शेजारच्या काकू म्हणतात, करपा आहे, सगळं उपटून टाक. शेजारच्याच वाफ्यात टोमॅटो आहेत. सासूबाईंनी महाशिवरात्रीच्या उपवासाला घरचेच बटाटे धरून ठेवलेत, त्यामुळे उपटायला जीव होत नाही. काय करू?

होटगीरोडकर:
आधी सकाळी दव असताना पान उलटून बघा. खालून ठिपक्याच्या कडेला पांढरी लव दिसते का? आणि ठिपक्यात गोल गोल कडी आहेत का?

परसबाग_जुळे_सोलापूर:
आज बघितलं. लव नाही, ठिपके कोरडे आहेत. कडी मात्र स्पष्ट दिसतात.

द्राक्षबाग_नान्नज:
ताई, उपटू नका. जुन्या पानांपासून सुरू होणारा, कड्यांचा कोरडा ठिपका म्हणजे लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया बुरशीचा. सोलापूरच्या हवेत बहुतेक हाच येतो. दिवसाचं २५-३० अंशांचं ऊन आणि रात्रीचं दव त्याला पुरतं.

धास्ती घ्यावी ती उशिरा येणाऱ्या करप्याची. १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा ज्याने नासवला तो हाच. त्याला गारवा आणि सतत ओलं पान लागतं, म्हणून आपल्याकडे तो क्वचित. पण हिवाळ्यात आभाळ येऊन दोन-तीन दिवस झिमझिम राहिली तर रोज वाफा बघा. पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग आणि पानाखाली पांढरी लव दिसली, की पाला लगेच कापून बाहेर काढा. थांबलात तर रोग मातीतून बटाट्यापर्यंत जातो.

तुमच्यासाठी आत्ता सगळ्यात मोठं काम पाण्याचं आहे. शहरात चार-पाच दिवसांनी नळ येतो, म्हणून त्या दिवशी माणूस पाईप धरून संध्याकाळी अख्खी बाग वरून भिजवतो. ते पान रात्रभर ओलं राहतं आणि करप्याला तेच हवं असतं. पाणी साठवा आणि सकाळी सरीतून बुडाला द्या. ठिपक्यांची पानं झाड कोरडं असताना कात्रीने काढून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. मग कुजलेलं शेणखत घालून बुडाशी मातीची भर लावा. उपाशी झाडाला हा करपा आधी धरतो, आणि भर असली की बटाटा उघडा पडून हिरवा होत नाही. माझ्या मते घरच्या वाफ्यात निम्मं काम एवढ्यानंच होतं.

फवारायला बोर्डो मिश्रण. फ्रान्सच्या बोर्डो भागात १८८५ च्या सुमारास ते द्राक्षाच्या केवडा या बुरशी रोगासाठी पुढे आलं, बटाट्यालाही चालतं. पाच लिटरला ५० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि ५० ग्रॅम कळीचा चुना. प्लास्टिकच्या दोन बादल्यांत अडीच-अडीच लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवा, चुना गाळून घ्या, मग दोन्ही एकत्र ओता. त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर पानं जळतील. त्याच दिवशी वापरा, पानाच्या खालूनही मारा. झालेला ठिपका याने जात नाही, नवी पानं वाचतात.

बाळीवेस_गच्ची:
स्वयंपाकघराच्या मागे मोरचूद? मी तर आंबट ताक मारते.

द्राक्षबाग_नान्नज:
ताई, तुमची काळजी रास्त आहे. मोरचूद विषारीच, हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, पोरांपासून लांब ठेवा. पिकलेले टोमॅटो आधी तोडून मगच फवारा. ताकाने भुरीवर (पानांवर पांढरी पूड येते तो रोग) थोडाफार फरक पडतो, करप्यावर मात्र मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. ज्यांना मोरचूद नकोच, त्यांनी पानं काढणं, भर आणि बुडाला पाणी एवढं तरी नेटानं करावं.

परसबाग_जुळे_सोलापूर:
दादा, भर लावली, पाईप बंद केला. वरची पानं हिरवी राहिलीत. पण टोमॅटोच्या खालच्या पानांवरही तसेच ठिपके आहेत. आणि बटाटा कधी काढू?

द्राक्षबाग_नान्नज:
टोमॅटोवरही तोच रोग. जमिनीला टेकणारी पानं काढा, झाडं काठीला बांधा, वारं खेळू द्या. बटाट्याचा पाला आपोआप वाळायला लागला की जमिनीलगत कापा आणि दहा-बारा दिवस पाणी न देता थांबा. साल घट्ट झाली की खणा. कुदळ लागलेले बटाटे आधी खाऊन टाका, बाकीचे सावलीत सुकवून अंधारात ठेवा. त्या वाफ्यात पुढची दोन वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची नको. मेथी किंवा लसूण लावा. आणि पुढच्या वेळी बाजारातल्या खायच्या बटाट्याऐवजी प्रमाणित बेणं घ्या, रोग पुष्कळदा बेण्यातूनच येतो.