मदत हवी आहे : रोमन नाण्यावर जीनियस आहे की मोनेटा?

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत असतो. गेल्या रविवारी इथल्या जुन्या बाजारात एक रोमन नाणं घेतलं. ब्राँझचं, 27 मिमी, 9.6 ग्रॅम. विकणारा 'मॅक्सिमियन सम्राट' एवढंच म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

छाप्याला दाढीवाला चेहरा, डोक्यावर लॉरेलची पानं. 'मॅक्सिमियानुस नोब' इतकं लागतं, पुढचं झिजलंय. काट्याला उभी आकृती, खाली 'टीआर', म्हणजे ट्रियरची टांकसाळ. डाव्या हातात फळांनी भरलेलं शिंग आहे, पण ते रोमनांनी निम्म्या देवतांना देऊन ठेवलंय. खरा प्रश्न उजव्या हाताचा. ताम्हनासारखं पात्र असेल तर जीनियस, रोमन जनतेचा रक्षक देव. तराजू असेल तर मोनेटा, टांकसाळीची देवी. आणि नाणं नेमकं तिथेच सपाट! काठावरच्या मजकुराच्या शेवटी 'एन' आणि एक उभी रेघ उरलीये. ती 'आय' (जीनियसचा मजकूर 'रोमानी'ने, म्हणजे 'रोमन'ने संपतो) की दुसऱ्या 'एन'चा पहिला पाय (मोनेटाचा 'एनएन'ने)?

शिवाय मानेपाशी फिकट हिरवी भुकटी आहे, नखाने निघते. आई म्हणते चिंचेने घास, लख्ख होईल. घासू का?

प्रतिसाद १

चिंच अजिबात नको!! या नाण्यांवर चांदीचा पातळ मुलामा असायचा, कुठे उरला असेल तर तोही जाईल. ती भुकटी म्हणजे ब्राँझला लागलेली कीड समजा, क्लोराइड आणि दमटपणाने वाढते. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मग खडखडीत वाळवून सिलिका जेलसोबत ठेवा.

विकणाऱ्याचं मात्र चुकलं. 'नोब' म्हणजे 'नोबिलिसिमुस', हे सीझरचं, म्हणजे कनिष्ठ सम्राटाचं बिरुद. ही मोठी नाणी सम्राट डायोक्लेशियनने इ.स. 294 च्या सुमारास काढली, तेव्हा मॅक्सिमियन केव्हाच ऑगस्टस, म्हणजे ज्येष्ठ सम्राट झाला होता. हा गॅलेरियस, 293 ते 305 सीझर. त्याचंही नाव मॅक्सिमियानुसच.

हात सोडा, पाय बघा. मोनेटा घोळदार वस्त्रात असते. जीनियसच्या खांद्यावर फक्त उपरणं, बाकी उघडा, आणि डोक्यावर धान्याचं माप.

धागाकर्ता

टॉर्च आडवा धरून पाहिलं. गुडघे दिसले, दोन्ही! डोक्यावर मापट्यासारखा उंचवटाही आहे. म्हणजे ती रेघ 'आय'च, 'रोमानी'मधला. आईला चिंचेचं कळवतो.