लिहिणारे थांबले, आता संकेतस्थळ ताजं ठेवायचं कशाच्या जोरावर?

हतनूरकाठ

खान्देशातली पाखरं, किल्ले, सण आणि बोली यांवर आम्ही काही हौशी मंडळी एक संकेतस्थळ चालवतो. सुरुवात पक्षी बघणाऱ्यांनी केली, पुढे किल्ले फिरणारे आले, मग कानबाई-आखाजी या सणांवर लिहिणाऱ्या ताई जोडल्या गेल्या. पैसे कोणाला मिळाले नाहीत आणि कोणी मागितलेही नाहीत. आता लेख येणं जवळपास बंद झालंय. एकाची नाशिकला बदली झाली, एकाच्या घरी दहावी-बारावी बरोबरच आली, दोघं व्हिडिओकडे वळले. भांडण कोणाचंच नाही.

परवाच्या बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली अशी की दर आठवड्याला काही ना काही टाकत राहायचं, इकडून-तिकडून माहिती जमवून किंवा सरळ यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लेख लिहून घेऊन. दुसरी अशी की पुढच्या वेळी डोमेनचे पैसे भरायचेच नाहीत, आपोआप बंद पडू द्यायचं. मला दोन्ही नामंजूर आहेत.

रानपिंगळ्याचंच पान घ्या. हा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसला नव्हता, नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो पुन्हा सापडला. आपल्या मातीतली केवढी मोठी गोष्ट! आमच्या पानावर ती आहे. पण त्याच पानावर तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे असं लिहिलंय. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत २०१८ मध्येच त्याला ‘संकटग्रस्त’ या एक पायरी कमी धोक्याच्या गटात आणलं गेलं. पानावर त्याचं घर म्हणजे सातपुडा आणि मेळघाट एवढंच आहे, प्रत्यक्षात २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. हे पान लिहिणाऱ्याने तेव्हा चोख काम केलं होतं. नंतर त्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. हे एक पान नीट करणं मला ‘खान्देशातील दहा प्रेक्षणीय स्थळे’ छापाच्या वीस नव्या लेखांपेक्षा मोलाचं वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं. दर महिन्याला एक जुनं पान उघडायचं, तपासायचं, दुरुस्त करायचं आणि खाली लिहायचं की कोणी तपासलं, कधी तपासलं. नवं हवं असेल तर लेख मागू नका, नोंद मागा. तारीख, जागा, काय दिसलं, बस. हिवाळ्यात हतनूर धरणावर चक्रवाक आले, थापट्या आले, अमुक घाटात पळस फुलला. चार ओळी कोणीही लिहितो, लेख म्हटलं की माणूस दबतो. आपल्याकडे केळीची कापणी झाल्यावर दरवेळी नवी लागण करत नाहीत, बुंध्याशी फुटलेली पिलं वाढवून पिलबाग धरतात. आपणही तेच करावं.

सावद्याचा केळीवाला

हतनूरकाठ भाऊ, पिलबागेचा दाखला दिलात म्हणून बोलतो, नाहीतर मी नुसता वाचणारा. पिलबाग एकदा धरता येते, फार तर दोनदा. पुढे घड लहान होत जातो, बागेत रोग शिरतो, मग नवी लागण करावीच लागते. तुमच्या जुन्या पानांचंही तसंच होणार. दुरुस्त केलेलं पान वाचकाला नवं वाटतच नाही. मी रानपिंगळ्याचं पान एकदा वाचलंय, त्यात दोन शब्द बदलले म्हणून मी पुन्हा कशाला उघडू?

माझं मत सरळ आहे. रोज नाही तर आठवड्याला एक तरी नवी गोष्ट दिसलीच पाहिजे, मग ती हलकी का असेना. एक फोटो आणि दोन ओळी चालतील. पाटणादेवीला पाऊस कसा आहे, धवलतीर्थाला पाणी आलं का, चाळीसगावहून जायला रस्ता ठीक आहे का, लोकांना हे हवंय. तुम्ही तपासणीची शिस्त लावाल, आणि तपासून होईस्तोवर धबधबा आटलेला असेल.

बोरीकाठचा मास्तर

मी या संकेतस्थळासाठी नव्हे, पण अशाच एका ठिकाणी बरीच वर्षं लिहिलं आणि थांबलो. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटलीय. लिहिणारा का थांबतो हे कोणीच विचारत नाही. बदली, परीक्षा, व्हिडिओ ही सांगायची कारणं.

मी थाळनेरवर लिहिलं होतं. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला घेतला तेव्हाची हकीकत, तापीच्या पात्रातून दिसणारी आजची तटबंदी, गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेलं. लेख चार महिने पडून राहिला. मग एके दिवशी दिसला तर मथळा बदललेला, शेवटचा परिच्छेद गायब. विचारलं तर म्हणाले, जागा कमी होती. संकेतस्थळावर जागा कमी! त्यानंतर मला फक्त एकदाच फोन आला, तो नवा लेख मागायला. माझ्या लेखावर कोणी काय म्हणालं, किती जणांनी वाचला, कोणाला चूक सापडली का, हे कधीच कळवलं नाही.

फुकट लिहिणाऱ्याला दोनच गोष्टी लागतात. पाठवलेलं लवकर दिसावं आणि कोणी तरी वाचल्याचं कळावं. आठवड्याच्या आत ‘मिळालं, वाचलं, ही एक शंका आहे’ एवढं उत्तर गेलं तरी माणूस पुढचं लिहायला बसतो. तुम्ही जुनी पानं तपासा किंवा नवे फोटो टाका, ही सवय लागली नाही तर नोंदी देणारेही वर्षभरात गळतील.

शिरपूरकर

गुरुजींचं दुःख खरं आहे, पण उत्तरं द्यायला तरी माणूस कुठाय? चालवणारे तीन-चार उरलेत. म्हणूनच मी यंत्राचा मुद्दा मांडला होता, बैठकीतली ती सूचना माझीच. तोरणमाळ, सारंगखेड्याचा घोडेबाजार, उनपदेवचे गरम झरे यांच्यावर यंत्र पाच मिनिटांत मजकूर देतं. आपण वाचायचं, चुका काढायच्या, टाकायचं. याने संकेतस्थळ चालतं राहील, शोधणाऱ्याला सापडत राहील. माणसं परत येतील तेव्हा येतील. तोवर दुकान उघडं तरी राहील.

हतनूरकाठ

शिरपूरकर दादा, याला माझा विरोध का आहे ते रानपिंगळ्यावरूनच सांगतो, कारण ही गोष्ट आपल्याच भागात घडलीय.

१८८० च्या दशकात खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले होते. ते लंडनच्या संग्रहालयात गेले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्याकडचा एक नमुना दाखवला आणि तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचं सांगितलं. सगळ्यांनी ती शेवटची नोंद मानली. शोधणारे त्या चुकीच्या जागेच्या नादी लागले. शेवटी उघड झालं की तो डेव्हिडसन यांचाच नमुना होता, संग्रहालयातून लांबवलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. रासमुसेन यांच्या चमूने ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या आणि शहाद्याजवळ पक्षी समोर आला.

एका खोट्या नोंदीने काय होतं ते यात दिसतं. खोटी नोंद आणखी एक ओळ वाढवून थांबत नाही, ती खऱ्या नोंदींवरचा विश्वास घालवते.

शिरपूरकर

भाऊ, एका लबाड माणसाची तुलना मदतीच्या साधनाशी करणं बरोबर नाही. मी खोटं छापा म्हणत नाही. कच्चा खर्डा यंत्राचा, तपासणी आपली, असं म्हणतोय. तुम्हीही जुनी पानं तपासणारच आहात ना? मग ही तपासणी का जड जाते?

हतनूरकाठ

कारण जुनं पान ज्याने लिहिलं तो तिथे जाऊन आला होता. त्यानंतर काय बदललं तेवढंच मी तपासतो. यंत्राच्या मजकुरात प्रत्येक वाक्य तपासावं लागतं आणि वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की शंका घ्यायचं सुचत नाही. तोरणमाळला न गेलेल्या माणसाने ते तपासायचं कसं? आणि गेलेला माणूस असेल तर त्यालाच चार ओळी सांगू देत. व्याकरण, शुद्धलेखन, फोटोंची यादी लावणं यासाठी यंत्र जरूर वापरा, तिथे माझा आक्षेप नाही.

नंदुरबारची, सध्या पुणे

मानधन द्या, सगळे प्रश्न सुटतील. लोक फुकट किती दिवस राबणार?

बोरीकाठचा मास्तर

ताई, मानधन आलं की ठरलेल्या शब्दसंख्येचे लेख येतात आणि पैसे संपले की तेही थांबतात. पेट्रोलचा खर्च द्या, एखादी दुर्बीण सामाईक घेऊन ठेवा, त्याला माझी ना नाही.

धुळ्याची ग्रंथपाल

बंद करण्याची सूचना इथे सगळ्यांनी एका वाक्यात उडवली. मी तिच्या बाजूने बोलते, पण आपोआप बंद पडू द्यायला माझाही विरोध आहे.

याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट पानं बांधू देणारी सेवा बंद केली तेव्हा हौशी माणसांनी वर्षानुवर्षं बांधलेली लाखो पानं जायच्या बेतात होती. काहींनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं, म्हणून त्यातलं काही आज इंटरनेट अर्काइव्हवर पाहता येतं. त्या मानाने आपल्या धुळ्यातलं उदाहरण बघा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली बाडं आणि दप्तरं आज हाताळता येतात, कारण मागे राहिलेल्या लोकांनी त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. रोज नवं काही छापण्यापेक्षा, जमलेलं कोणाच्या तरी स्वाधीन करणं हे मोठं काम असतं. संकेतस्थळ चालवायची ताकद उरली नसेल तर सगळी पानं इंटरनेट अर्काइव्हला द्या, एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या, वर तारीख घालून ‘येथून पुढे नवे लेखन नाही’ असं लिहा. अर्धवट जिवंत ठेवण्यापेक्षा हे सन्मानाचं आहे.

आणि चालवायचंच असेल तर दोन गोष्टी कायद्याच्या. जुने लेख फिरवून पुन्हा छापणार असाल तर लेखकाला विचारा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार करून हक्क दिलेला नसेल तर लेख लिहिणाऱ्याचाच राहतो, फुकट दिला म्हणून तुमचा होत नाही. उलट स्वामित्वहक्क संपलेलं भरपूर साहित्य मोकळं पडलंय. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० मध्ये गेले, साठ वर्षं उलटून गेल्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. १८८० चा खान्देश गॅझेटियर तर कोणीही वापरावा. त्यातला एकेका तालुक्याचा उतारा मराठीत आणून शेजारी आजची स्थिती लिहिली तर कितीतरी महिने पुरेल. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, नंदुरबार वेगळा व्हायला १९९८ उजाडलं. तुलनाच किती रंगेल!

आखाजीची लेक

मन्हं मत वायलं शे. तुम्ही सगळे लिहिणाऱ्यांबद्दल बोलताय आणि ज्यांना सगळं येतं त्या लिहीत नाहीत. आमच्या गल्लीत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ-डोरलं घालून सजवतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. रोटांचा नियम कोणत्या भाऊबंदकीत कसा पाळतात, यावर आमच्या काकूंना बसवलं तर त्या दुपारभर बोलतील. त्यांना ‘लेख द्या’ म्हणाल तर त्या हसून आत जातील.

मोबाइल घेऊन बसा, आवाज रेकॉर्ड करा, कॉलेजातल्या पोरींना ते अहिराणीत जसंच्या तसं उतरवायला सांगा. गावाचं नाव आणि गाणारीचं नाव तिला विचारूनच टाका. हे गॅझेटियरमध्ये सापडणार नाही. संकेतस्थळ बंद करून कपाटात ठेवलं तर ही गाणी घ्यायला पुन्हा कोण येणार? ग्रंथपाल ताईंशी माझं इथेच पटत नाही. राजवाड्यांची दप्तरं कागदावर होती, म्हणून थांबली. आमच्या काकू थांबणार नाहीत.

धुळ्याची ग्रंथपाल

हे मान्य. आवाजाचं काम थांबवता येण्यासारखं नाही. पण मग त्याच दिवशी मूळ रेकॉर्डिंगची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. एका माणसाच्या फोनवर अवलंबून राहू नका. बाकीच्या पानांबाबत माझं मत कायम आहे.

सावद्याचा केळीवाला

मीही अजून तिथेच आहे. जुनी पानं तपासा, पण पहिल्या पानावर मला नवं दिसलं पाहिजे. तुम्ही नोंदी मागताय ना? हिवाळाभर दर रविवारी मी हतनूरची नोंद पाठवतो, शेत तिकडेच आहे. अट एकच, ती त्याच दिवशी दिसली पाहिजे. गुरुजींच्या लेखासारखी चार महिने पडून राहिली तर दुसरी येणार नाही.

हतनूरकाठ

त्याच दिवशी दिसेल. माझ्याकडून अट एवढीच की तारीख, वेळ, जागा आणि पक्षी कोणी पाहिला हे प्रत्येक नोंदीत हवं. ओळख पटली नसेल तर फोटो टाका आणि ‘ओळख बाकी’ असं लिहा, नाव घाईने लावू नका. ताई, श्रावणाआधी रेकॉर्डिंगचं ठरवू. गुरुजी, थाळनेरचा गायब झालेला परिच्छेद तुमच्याकडे असेल तर सगळा लेख तुमच्याच मथळ्याने पाठवाल का? आठवड्यात उत्तर देण्याची जबाबदारी माझी.

बोरीकाठचा मास्तर

परिच्छेद आहे. तटबंदीचा काही भाग त्यानंतर ढासळलाय असं ऐकतो. आधी जाऊन बघतो, मग पाठवतो.