क्लबच्या स्वतःच्या चॅनलला पैसे मोजायचे की नाही?

गंगापूररोड_रेड
परवा शनिवारी कॉलेज रोडला मित्राकडे मॅच बघून निघालो आणि चहाच्या गाडीवर वाद पेटला तो साडेअकरापर्यंत. मी मँचेस्टर युनायटेडच्या स्वतःच्या चॅनलचं, म्हणजे एमयूटीव्हीचं, वर्षाचं सबस्क्रिप्शन भरतो. मित्र म्हणाला, "तू जाहिरात बघायचे पैसे देतोस." ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे चॅनल १० सप्टेंबर १९९८ ला सुरू झालं. क्लब आणि ग्रॅनाडा व बीस्कायबी या दोन ब्रिटिश टीव्ही कंपन्या असे तिघे समान भागीदार होते. २०१३ मध्ये शेवटचा हिस्साही क्लबने घेतला आणि पूर्ण मालकी क्लबची झाली. यावर लीगची मॅच थेट दिसत नाही, कारण प्रीमियर लीग सगळ्या क्लबांचे हक्क एकत्र विकते. त्यातही शनिवारी दुपारी तीनची मॅच खुद्द इंग्लंडातल्या माणसाला टीव्हीवर थेट बघता येत नाही, आणि आपण मात्र नाशिकला जेवणाच्या वेळी ती आरामात बघतो!

मग मी तिथे बघतो काय? पोरांच्या मॅचेस. ११ मे २०२२ ला एफए यूथ कपची फायनल होती. १८ वर्षांखालच्या पोरांची मॅच, आणि ओल्ड ट्रॅफर्डवर ६७ हजारांहून जास्त लोक! नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-१ ने हरवलं, गार्नाचोचे दोन गोल. त्याच संघात कोबी मेनू होता, १७ वर्षांचा. दोन वर्षांनी, २५ मे २०२४ ला, मोठ्या एफए कपच्या फायनलला मँचेस्टर सिटीला २-१ ने हरवलं आणि दोन्ही गोल याच दोघांचे. मी एवढ्या जोरात ओरडलो की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ओळखीचा आहे का रे कोणी?" म्हणाली. होताच ना! मिसरूड फुटायच्या आधीपासून बघत होतो मेनूला.

याला जाहिरात म्हणायचं का? मला पटत नाही. तुमचं मत सांगा.

सिडकोचा_स्टॉपर
दादा, राग मानू नका, पण तुमचा मित्र बरोबर बोलला. मीही युनायटेडचाच, म्हणून सांगतो.

ऑक्टोबर २००५. मिडल्सब्रोने आपल्याला ४-१ ने धुतलं. कर्णधार रॉय कीन दुखापतीमुळे बाहेर होता. एमयूटीव्हीवर एक कार्यक्रम असायचा, त्यात खेळाडू येऊन मॅचवर बोलायचे. कीन आला आणि जे दिसलं ते बोलला. कोण पळत नाही, कोण पगार घेऊन आरामात आहे, नावं घेऊन. क्लबने तो भाग दाखवलाच नाही. पुढे ती टेप संघाला बसवून दाखवली, आणि १८ नोव्हेंबरला कीन क्लबमधून बाहेर. १९९३ पासूनचा माणूस, १९९७ पासूनचा कर्णधार.

त्या चॅनलवर कोणी सडेतोड बोललं आणि नेमकं तेच आपल्यापर्यंत पोचलं नाही. लोकांना कळलं ते वर्तमानपत्रांतून. मालकाविरुद्ध ब्र काढता येत नाही अशा ठिकाणी मी पैसे का द्यावेत? संघ हरतो त्या आठवड्यात तिथे जुन्या फायनल्स लावतात, हे तुम्हीही बघितलं असेल. तेव्हा मला जुनी फायनल नको असते. बचाव का कोसळला ते ऐकायचं असतं.

देवळालीची_माद्रिदिस्ता
स्टॉपर, तुमच्या क्लबने गप्प बसवलं. आमचा तर ओरडतो. रिअल माद्रिद टीव्ही स्पेनमध्ये २०१६ पासून साध्या अँटेनावर फुकट दिसतं, आणि मॅचच्या आधी त्या दिवशीच्या रेफरीच्या जुन्या चुकांचे व्हिडिओ लावतं. मी शाळेच्या मुलींच्या मॅचला शिट्टी वाजवते. १४ वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी मैदानाबाहेरून अंगठा खाली केला तरी माझे पाय लटपटतात. त्या रेफरीला तर मैदानात उतरायच्या आधीच टीव्हीवर उभं केलेलं असतं. क्लबवर माझं प्रेम आहे, पण हे मला सहन होत नाही. फुकट असूनही मी बघणं सोडलं.

पंचवटी_ब्लाउग्राना
चॅनल असल्याच्या तक्रारी ऐकतोय. नसल्याचं दुःख आम्हाला विचारा. आमच्या बार्सिलोनाचं बार्सा टीव्ही १९९९ मध्ये सुरू झालं आणि ३० जून २०२३ ला बंद झालं. क्लब कर्जात बुडालेला, काटकसरीत कुऱ्हाड यावर पडली. तिथे कॅटलान भाषेत कॉमेंट्री चालायची. मला त्यातला एक शब्द धड कळत नव्हता, तरी ऐकायचो, कारण ती त्या गावाची भाषा होती. जगभरातून पैसा येणाऱ्या क्लबने आपली भाषा धरून ठेवली होती.

आणि आपल्याकडे? आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, बंगालीत झालं, मल्याळममध्ये झालं. मराठीत ऑफसाइड समजावून सांगणारा आवाज माझ्या लहानपणी मला कधीच मिळाला नाही. तेव्हा स्टॉपरभाऊ, कीनचं तुमचं म्हणणं मान्य, पण ज्याचा मालक क्लब नाही तो माणूस पोरांच्या मॅचला कॅमेरा घेऊन जातो का? नाही जात. तिथे पैसा नाही.

सिडकोचा_स्टॉपर
बरोबर, नाही जात. पण बार्सा टीव्हीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आर्सेनल टीव्ही २००८ ला आलं आणि ते चालवणारी सेतांता कंपनी बुडाल्यावर २००९ ला गेलं. चेल्सी टीव्ही २००१ ला आलं, २०१९ ला आवरलं. क्लबला परवडेल तोवर प्रेम, नाही परवडलं की शटर खाली. मग या चॅनलांवरचा जुना ठेवा कोणाच्या भरवशावर?

नाशिकरोड_कोच
मी कधी लिहीत नाही, आज लिहितो.

आमचा छोटा क्लब आहे. १३ वर्षांखालच्या पोरांच्या मॅचेस आम्ही मोबाइलवर घेतो आणि यूट्यूबवर टाकतो. क्लबचं चॅनल म्हणा हवं तर. एका पोराचे वडील अंबडच्या कारखान्यात आहेत, शिफ्ट फिरती. दोन वर्षांत त्यांना पोराची एकही मॅच मैदानावर बघता आली नाही. एकदा सकाळी साडेसातला ते रात्रपाळी करून थेट मैदानावर आले, अंगात कंपनीचा शर्ट, डोळे लाल. मला म्हणाले, "सर, त्या व्हिडिओत तेविसाव्या मिनिटाला पोरगं पडलं, नंतर कॅमेरा दुसरीकडे गेला. उठलं का लगेच?" पोरगं समोरच बूट बांधत होतं, तरी त्यांना ते विचारायचं होतं. त्या दिवसापासून पोरगं पडलं की मी कॅमेरा हलवत नाही.

आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१९ ला संपला. माझ्या दोन पोरांना घेऊन मी बालेवाडीला त्यांच्या मॅचेस बघायला नेलं होतं. क्लब गेला की त्याच्या आठवणी कोणी जपायच्या? मला वाटतं, ज्याने खेळ बघितला त्यानेच.

सिडकोचा_स्टॉपर
सर, तुमच्या व्हिडिओला माझा विरोध असूच शकत नाही. पण एक विचारतो. परवा तुमची पोरं पाच गोलांनी हरली. तो व्हिडिओ टाकला का?

नाशिकरोड_कोच
टाकला. पूर्ण साठ मिनिटं. पाचवा गोल आमच्या गोलकीपरच्या हातातून सुटला, तोही आहे. टाकण्याआधी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "राहू द्या सर, पाय कुठे होते ते मला बघायचंय."

गंगापूररोड_रेड
स्टॉपर, कीनची गोष्ट मला माहीत होती. खरं सांगायचं तर ती मी सोयीने विसरलो होतो. टीका ऐकायला मी त्या चॅनलवर जाणार नाही, त्यासाठी पेपर वाचेन. पण सबस्क्रिप्शन बंद करणार नाही, पोरांच्या मॅचेससाठी चालूच ठेवणार. जाहिरात हा शब्द मात्र अर्धा मान्य.

सर, तुमच्या पोरांची पुढची मॅच कधी आहे? माझ्याकडे ट्रायपॉड पडून आहे, आणि पंचवटीवाल्यांचा आवाज चांगला आहे. मराठीत कॉमेंट्री करायला ते तयार असतील तर त्यांना माझ्या गाडीवर घेऊन येतो.

पंचवटी_ब्लाउग्राना
तयार आहे. फक्त 'थ्रो-इन'ला काय म्हणायचं ते तेवढं ठरवून ठेवा.

नाशिकरोड_कोच
रविवार, सकाळी सात. थ्रो-इनला थ्रोच म्हणतात पोरं.