‘प्लगिन टाक ना, दोन मिनिटांचं काम आहे’

गिरणाकाठ:
जळगावात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं झाली, त्याआधी तीन वर्षं पुण्यात काढली. काम बहुतेक वर्डप्रेसचं, म्हणजे वेबसाईट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरचं. केळीचे व्यापारी, ठिबकचे डीलर, दोन शाळा, एक बातम्यांची साईट असे क्लायंट. माझं म्हणणं सरळ आहे, प्लगिन (साईटला जादा सोय जोडणारा तयार कोड) टाकणं हे काम म्हणून धरलं जातं पण तोच प्लगिन पुढची पाच वर्षं सांभाळणं हे कोणीच काम धरत नाही, ना क्लायंट ना आमचे साहेब. म्हणून जे वीस-पंचवीस ओळींत होतं त्यासाठी प्लगिन टाकूच नये या मताला मी आलोय.

यंदाच्या अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं सांगतो. बहीण माहेरी आलेली, आई खापरावर मांडे टाकतेय, आंब्याचा रस काढून ठेवलेला आणि साहेबांचा फोन, बातम्यांच्या साईटच्या सगळ्या जुन्या लिंका मेल्या. झालं असं की मराठी मथळ्याची लिंक मधेच तुटते अशी संपादकांची तक्रार होती. ती खरीच आहे, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये गेल्यावर त्या एकेका बाइटच्या तीन-तीन जागा होतात, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा, आणि लिंकेतल्या मथळ्याच्या भागाला वर्डप्रेस देतं २०० जागा. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘जळगाव जिल्ह्यात अवकाळी पावसाने केळी आडवी’ हा मथळा घ्या, लिंक ‘अवकाळी प’ वरच संपते.

याला साधा उपाय होता, संपादकांनी लिंकेचे दोन-तीन शब्द हाताने रोमनमध्ये टाईप करायचे. नाहीतर मी पंधरा ओळींचा फिल्टर, म्हणजे लिंक बनतानाच ती बदलणारा कोड, लिहून देणार होतो, तसं बोललोही. साहेब म्हणाले, कशाला डोकं लावतो, प्लगिन टाक. टाकला. त्याने नव्या बातम्यांसोबत जुन्या सगळ्या बातम्यांच्या लिंकाही बदलल्या आणि थेट डेटाबेसात बदलल्या. बातमी नेहमीसारखी उघडून सेव्ह केली असती तर वर्डप्रेस जुनी लिंक लक्षात ठेवतं आणि नव्यावर पाठवतं, इथे तसं काहीच झालं नाही. गावोगावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरलेली प्रत्येक लिंक ४०४, म्हणजे पान सापडत नाही. सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मलाच प्रश्न, आधी टेस्ट का नाही केलं? टेस्टसाठी वेगळी साईट द्या म्हणून मी जानेवारीपासून मागतोय.

भुसावळ जंक्शन:
काय भो, राग समजतो, पण निष्कर्ष पटला नाही. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे, हाताखाली तीन पोरं. रावेरचा व्यापारी येतो, बजेट दहा हजार, त्यात फॉर्म पाहिजे, फोटो पाहिजेत, केळीचा भाव रोज सकाळी त्याला मोबाईलवरून बदलता आला पाहिजे. हे सगळं हाताने लिहायला बसलो तर पोरांचा पगार कुठून देऊ? २००४ ला वर्डप्रेसच्या १.२ आवृत्तीत प्लगिनची सोय आली म्हणून तर आपल्यासारख्या गावातला माणूस हा धंदा करू शकला, नाहीतर ही सगळी कामं मुंबई-पुण्याला गेली असती.

आणि तुझ्या त्या वीस ओळी. त्या कुठे टाकतो? थीमच्या, म्हणजे साईटच्या दिसण्याच्या साच्याच्या, फंक्शन्स फाईलमध्ये ना? उद्या तू सोडून गेला, नव्या पोराने थीम अपडेट केली की साफ. माझ्याकडे हे दोनदा झालंय, लिहिणारा पुण्याला गेला, फोन उचलत नाही आणि क्लायंट माझ्या दारात. प्लगिनला निदान अपडेट तरी येतात.

गिरणाकाठ:
थीमच्या फाईलमध्ये नाहीच टाकत दादा, त्या ओळींचा स्वतःचा एक छोटा प्लगिन करतो, साईटच्या नावाने, वर मराठीत लिहून ठेवतो की हे कशासाठी आहे. थीम बदलली तरी राहतो. अपडेट येतात म्हणता, पण ते कोण पाठवतोय? डिस्प्ले विजेट्स नावाचा प्लगिन आठवतो का, सुमारे दोन लाख साईटवर होता. मूळ मालकाने विकला आणि नव्या मालकाने २०१७ मध्ये अपडेटमधूनच मागचा दरवाजा, म्हणजे साईटमध्ये शिरायची चोरवाट, आत घातला, शेवटी सप्टेंबरमध्ये काढून टाकावा लागला. ज्यांनी वेळच्या वेळी अपडेट केलं त्यांचंच नुकसान झालं हो.

हिरवी मिरची:
मी मूळची चोपड्याची, आता पुण्यात असते. माझा स्वतःचा एक लहान प्लगिन आहे, फुकट, रात्री जेवणं उरकली की त्याच्यावर बसते. त्यामुळे गिरणाकाठ भाऊंचं वाचून वाईट वाटलं, कारण शिव्या शेवटी आमच्याकडेच येतात. वर्डप्रेस आणि प्लगिन ज्या भाषेत लिहितात त्या पीएचपीची ८ वी आवृत्ती आली २०२० च्या नोव्हेंबरात, त्यात क्रिएट फंक्शन नावाची जुनी सोय काढून टाकली. ती जाणार आहे असं ७.२ पासून, म्हणजे २०१७ पासून सांगत होते. मी माझा कोड वेळेत बदलला. तरी होस्टिंगवाल्याने पीएचपी बदललं की लोक येऊन लिहायचे, तुमच्यामुळे साईट पांढरी झाली, पैसे कोण भरून देणार? बघितलं तर त्यांच्याकडे माझी चार वर्षांपूर्वीची आवृत्ती! ज्याने एक रुपया घेतला नाही त्याला असं बोलायचं आणि ज्या कंपनीने तो प्लगिन टाकून क्लायंटकडून पैसे घेतले ती मोकळी, हे मला पटत नाही. तुमच्या त्या लिंकवाल्या प्लगिनच्या माहितीत लिहिलेलं असेल की जुन्या लिंकाही बदलतील. वाचलं होतं का?

गिरणाकाठ:
ताई, लिहिलेलं होतं, सेटिंगच्या तिसऱ्या पानावर. मी वाचलं नाही, ती चूक माझीच आहे आणि मीटिंगमध्ये मी ती कबूलही केली. पण त्या दिवशी संध्याकाळी सहाला काम दिलं आणि साडेसहाला झालं का म्हणून विचारलं, हेही त्यातच धरा.

धुळेकर:
मला वाटतं तुम्ही सगळे उगाच प्लगिनवर घसरताय. दोष कामाच्या पद्धतीचा आहे. पुण्यात माझ्या आधीच्या ऑफिसात मी एक सवय लावून घेतली होती, साहेब तोंडी बोलले की लगेच मेल टाकायचा, तुम्ही अमुक सांगितलं, त्यात हा हा धोका आहे, तरी करू का? दोन महिन्यांत तोंडी हुकूम बंद झाले. असा मेल असता तर सोमवारी तुला मान खाली घालावी लागली नसती.

गिरणाकाठ:
पुण्यात मीही करायचो. इथे साहेब माझ्या मामांचे मित्र आहेत, नोकरी त्यांच्या शब्दावर लागली. वडिलांना पॅरालिसिस झाला म्हणून पुणे सोडून आलो, तेव्हा याच माणसाने दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांगितलं. असा मेल टाकला तर रविवारी मामा घरी येऊन बसतील. जळगावात माझ्या कामाच्या कंपन्या किती, हे तुम्हालाही माहितीये. एक सोडली की मग रातराणीने परत पुणे.

भुसावळ जंक्शन:
हे मात्र खरं शे. माझ्याकडची तीन पोरंपण ओळखीचीच आहेत, त्यातलं एकही मला उलटून बोलत नाही, आणि यात माझंही नुकसान होत असेल हे आत्ता वाचताना जाणवलं. मागच्या वर्षी एक साईट दहा दिवस बंद होती. प्लगिन किंवा थीममधल्या चुकीने साईट पडली की वर्डप्रेस स्वतः मेल पाठवतं, २०१९ च्या ५.२ पासून ती सोय आहे, पण मेल जात होता सोडून गेलेल्या पोराच्या पत्त्यावर. एका पोराला ते माहिती होतं, पण मी चिडेन म्हणून बोललं नाही.

तरी प्लगिन मी टाकणारच, दहा हजारात दुसरं काही बसत नाही. वर्षाचे अडीच हजार सांभाळायचे वेगळे लावावेत असा विचार करतोय. रावेरवाला देईल का, शंकाच आहे.

धुळेकर:
देईल. ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगला देतोच ना. आधीच सांगा, साईट पडल्यावर मागू नका.

हिरवी मिरची:
गिरणाकाठ भाऊ, त्या लिंकांचं काय केलं शेवटी? प्लगिन टाकायच्या आधीचा बॅकअप असेल तर पोस्टच्या टेबलमधून आयडी आणि जुन्या लिंका काढा, प्रत्येक पोस्टच्या मेटामध्ये, म्हणजे तिच्या जादा नोंदींत, जुनी लिंक म्हणून भरा, मग वर्डप्रेस आपोआप नव्यावर पाठवेल. नव्या लिंका बदलायची गरज नाही.

गिरणाकाठ:
तेच करतोय ताई. बॅकअप अकरा दिवस आधीचा निघाला, तिथपर्यंतचं काल रात्री एकला संपलं. मधल्या अकरा दिवसांच्या लिंका संपादकांच्या व्हॉट्सॅपमधून एकेक कॉपी करून भरतोय, साठेक राहिल्यात.